फेरीबोटीवरचा पाठ

बी.एड.चा माझा पहिला ऑनलाइन पाठ मी कुठे घेतला, सांगू? पलीकडच्या दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर. आगरदांड्याच्या आमच्या घरात रेंज नाही आणि खाडीच्या मधोमध फुल्ल. बोट दिसू नये म्हणून मी स्क्रीनवर मागे वर्गाचा फोटो लावला, फळ्यासकट, आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले. मार्क देणाऱ्या मॅडम बघत होत्या. मुलांचे कॅमेरे बंद.

मी विचारलं, "झाड अन्न कुठे तयार करतं?"

कोणी बोलेना. मी म्हटलं, "अरे, आत्ताच शिकवलं ना?"

मागून आवाज आला, "पानात."

स्क्रीनवर बघते तर माझ्या फळ्याशेजारी एक मावशी, मांडीवर मासळीची टोपली.

घाबरून मी पुढचं विचारलं, "आणि ऊन नसेल तर?"

"तर न्हाय व्हायचं," मावशीच म्हणाल्या.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "चला, दिघी आली." मावशी टोपली उचलून फळ्यातून आरपार निघून गेल्या. त्यानंतर माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही.

शेवटी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उत्तर देणारी एकच विद्यार्थिनी होती. तिलाही तुम्ही दिघीला उतरू दिलंत."