पाच नंबरचा दिवा

फिटरबाई : पंपघर झालं, टाकी झाली, गोदाम झालं, प्रयोगशाळाही झाली. मीटिंगच्या फोनच्या चार लाइनी नव्या मशीनवर आल्या. आता पाच नंबर.

ऑपरेटर : पाच नंबर राहू द्या.

फिटरबाई : राहू द्या म्हणजे?

ऑपरेटर : म्हणजे नव्यावर घेऊ नका. चारच लाइनी आहेत आपल्या. तुमच्या कागदावर बघा, चारच लिहिल्यात.

फिटरबाई : कागदावर चार, पण जुन्या मशीनला वायरी पाच. आणि पाचवी जोडलेली आहे, काका. हा बघा पिवळा दिवा. लुकलुकतोय.

ऑपरेटर : तो लागतो अधूनमधून.

फिटरबाई : पिवळा दिवा पलीकडून कोणी बोललं तरच लागतो.

ऑपरेटर : भिंतीत ओल आहे. ओलीनं लागतो.

फिटरबाई : पंधरा वर्षं मीटिंगच्या खोल्यांमधून माइक आणि स्पीकर बसवतेय मी. प्रत्येक ऑफिसात एक भूत असतं, आणि दर वेळी ती ढिली वायर निघते. ओलीनं दिवा लागलेला अजून पाहिला नाही. कुठे चाललात? तो माइक कशाला बंद करताय?

ऑपरेटर : मीटिंग संपली ना. आवराआवर झाली की मी बंद करतो.

फिटरबाई : टेबलावरचे माइक सगळे चालू राहू देत. मला आवाजाची पातळी बघायचीय. तुम्ही तिकडे उभे राहून नेहमीसारखं बोला, मी इथून बघते.

ऑपरेटर : काय बोलू?

फिटरबाई : पाच नंबरला कोण आहे ते बोला.

ऑपरेटर : कोणी नाही.

फिटरबाई : काका, मशीन सकाळी दहाला स्वतः नंबर फिरवतं आणि मग मोजून सांगतं. आज मी दारात उभी होते. "पाच जण जोडले आहेत" म्हणालं. टेबलाभोवतीच्या एकानंही मान वर केली नाही. सगळ्यांना सवय झालेली दिसतेय.

ऑपरेटर : सुरुवातीला मोठे साहेब थट्टा करायचे. "या मास्तर, वेळेवर आलात," असं म्हणायचे. सगळे हसायचे. मग एक दिवस कोणी हसलं नाही, तेव्हापासून थट्टा बंद झाली.

फिटरबाई : मास्तर कोण?

ऑपरेटर : नकाशे विभागाचे प्रमुख. शाळेत कधी शिकवलं नाही, पण आमच्या अर्जांतल्या चुका लाल पेनानं काढायचे, म्हणून मास्तर. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप गेलाय, किती खोल, कोणत्या साली टाकला, सगळं तोंडपाठ. नकाशा उघडायच्या आधी यांचं उत्तर तयार.

फिटरबाई : रिटायर झाले?

ऑपरेटर : फुफ्फुसं गेली त्यांची. अंथरुणाला खिळले. पण पाइप फुटला की मास्तरांशिवाय पान हलायचं नाही. मग साहेब म्हणाले, घरी लाइन देऊन टाका. मीच गेलो, मीच बसवला सेट. उशाशी, छोट्या स्टुलावर. त्यांचे हात थरथरायचे, बटण दाबता यायचं नाही. म्हणून असा लावला, की दहाला इथून नंबर फिरला की तिकडे आपोआप उचलला जाईल. त्यांनी फक्त बोलायचं.

फिटरबाई : छान केलंत की.

ऑपरेटर : छान केलं असं मलाही वाटायचं.

फिटरबाई : आता कुठे असतात ते?

ऑपरेटर : गेले. चौदा महिने झाले.

फिटरबाई : आणि त्यांचा नंबर अजून फिरतोय?

ऑपरेटर : मी काढला नाही.

फिटरबाई : विसरलात?

ऑपरेटर : नाही.

फिटरबाई : काका, बसा जरा. घाम आलाय तुम्हाला.

ऑपरेटर : बाई, तुम्ही हसाल. मीटिंगभर तो पिवळा दिवा विझलेला असतो. सगळे उठून जातात, मी खुर्च्या सरकवतो, कप गोळा करतो. आणि मग तो लागतो. मिनिटभर. कधी दोन मिनिटं. रोज. एक दिवस खाडा नाही. मी पाठ फिरवतो, मेन स्विच बंद करतो आणि निघतो. जिन्यापर्यंत जाईतो अंगावरचा काटा जात नाही.

फिटरबाई : मग आवाज ऐकायचा ना. स्पीकर इथंच आहे.

ऑपरेटर : स्पीकरमधून काही येत नाही.

फिटरबाई : का येत नाही? थांबा. जुन्या मशीनमधली नोंद लॅपटॉपवर उतरवून घेतलीय मी. पाच नंबर, पाच नंबर... हं. हे काय? पाच नंबरला म्यूट केलंय. सकाळी दहा बेचाळीसला. आणि म्यूट परत काढलेलंच नाही. तारीख बघा ही, चौदा महिन्यांपूर्वीची आहे.

ऑपरेटर : ठाऊक आहे मला.

फिटरबाई : काका?

ऑपरेटर : ती तारीख मला ठाऊक आहे. ते बटण मी दाबलंय.

फिटरबाई : का?

ऑपरेटर : खोकला. त्या दिवशी खोकला थांबतच नव्हता त्यांचा. पाहुणे आलेले, साहेब काहीतरी समजावत होते आणि दर वाक्याला स्पीकरमधून तो खोकला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली, बंद करा म्हणून. मी केला. दोन मिनिटांनी परत चालू करू म्हटलं.

फिटरबाई : आणि?

ऑपरेटर : आणि दिवा लागला. अशी फडफड नाही, एकसारखा. मी इथंच बसलो होतो, या खुर्चीत, दिव्याकडे बघत. खोकत असतील म्हटलं.

फिटरबाई : नोंदीत आहे ते. दहा चव्वेचाळीस. चाळीस सेकंद दिवा लागलेला. त्यानंतर त्या दिवशी काहीच नाही.

ऑपरेटर : खोकला असा एकसारखा नसतो, बाई. वीस वर्षं दिवे बघतोय मी. खोकल्यानं दिवा उडतो, बोलण्यानं तेवतो. मला कळत होतं. ते बोलत होते. घरात कोणी नव्हतं, मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, औषधं आणायला गेल्या होत्या. ते आम्हालाच सांगत होते, आणि मी साहेबांच्या तोंडाकडे बघत बसलो. दुपारी फोन आला.

फिटरबाई : हे कुणाला सांगितलंत?

ऑपरेटर : आत्ता तुम्हाला. वहिनींना भेटायला म्हणून निघालो होतो, फाटकापर्यंत गेलो. बेलवर बोट ठेवलं आणि परत फिरलो. आणि तो रोज येतो. दिवा. मीटिंग संपली की. त्यांचं राहिलेलं बोलणं पुरं करायला येतात असं वाटतं मला. म्हणून म्यूट काढत नाही. काय म्हणतील, या भीतीनं.

फिटरबाई : काका, हा दिवा पेटायचा तर मेलेल्या माणसाच्या घरीही वीज लागते, सेट लागतो, आणि सेटसमोर बोलणारं तोंड लागतं. तिकडे कोणीतरी आहे. जिवंत.

ऑपरेटर : तो आता बघा कसा लागलाय. असा कधी लागला नव्हता.

फिटरबाई : मघापासून तसाच आहे. तुम्ही बोलायला लागल्यापासून. बारा वाजता हे जुनं मशीन खाली टेम्पोत जाणार आहे, काका. त्यानंतर तो दिवाही नाही आणि ते बटणही नाही. मी दाबू, की तुम्ही?

ऑपरेटर : मी दाबलं होतं. मीच काढतो.

(बटणाचा आवाज. स्पीकरमधून पंख्याची घरघर.)

ऑपरेटर : हॅलो... आवाज येतोय का?

वहिनी : तुमचा रोजच येतो, भाऊजी. माझा येतोय का?

ऑपरेटर : वहिनी!

वहिनी : म्हणजे येतोय. बरं झालं.

ऑपरेटर : वहिनी, तुम्ही रोज... तुम्ही होता?

वहिनी : दुसरं कोण असणार? त्यांच्या उशाशी बसते मी दहाला. सेट आपोआप उचलतो, तुम्हीच लावलाय तसा. पंपघर बोलतं, टाकी बोलते, कुणाचा तरी पाइप फुटलेला असतो. घर भरल्यासारखं वाटतं. मीटिंगमध्ये बायकांनी मध्ये बोलू नये म्हणून गप्प बसते. सगळे उठले, तुम्ही खुर्च्या सरकवायला लागलात, की मग विचारते.

ऑपरेटर : काय विचारता?

वहिनी : एकच. रोज तेच. शेवटी ते काय म्हणाले? तुम्ही सगळे होता ना ऐकायला. तुम्ही खोकायचात, कप वाजवायचात आणि न बोलता निघून जायचात. मला वाटायचं, काहीतरी असं म्हणाले असतील, जे मला सांगवत नसेल तुम्हाला.

ऑपरेटर : ते... वहिनी, ते म्हणाले...

वहिनी : हं.

ऑपरेटर : ते म्हणाले, हिची काळजी घ्या. तुमचं नाव घेतलं. शांतपणे म्हणाले, अगदी...

वहिनी : भाऊजी.

ऑपरेटर : हो?

वहिनी : टेबलावरचे माइक चालू आहेत. मघापासून.

फिटरबाई : अगं बाई. मीच चालू ठेवायला सांगितले.

वहिनी : कोण आहेत या?

फिटरबाई : नवं मशीन बसवायला आलेय, काकू. चुकलंच माझं.

वहिनी : तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही होतात म्हणून निदान ऐकायला तरी मिळालं.

ऑपरेटर : वहिनी, मी खोटं बोललो आत्ता. त्यांनी काय म्हटलं, ते मी ऐकलं नाही. कोणीच ऐकलं नाही. मी बंद केलं होतं त्यांना.

वहिनी : ते कळलं मला.

ऑपरेटर : मला शिव्या द्या. काहीतरी म्हणा.

वहिनी : काय म्हणू? मला एक सांगायचंय. मीटिंग चालू असेपर्यंतच मी घराबाहेर पडायचे. भाजी, औषधं, जे काय असेल ते तेवढ्यात. बाकी वेळ पाय निघायचा नाही. पण दहा ते अकरा म्हणजे, आहेत की सगळ्यांच्यात. एकटे नाहीत. त्या दिवशी तर रांग होती दुकानात, तरी मी निवांत उभी होते. दुकानदाराशी हसून बोलले होते मी.

ऑपरेटर : वहिनी...

वहिनी : आले तेव्हा मान सेटकडे वळलेली होती. सेटमधून तुमच्या साहेबांचं बोलणं चालू. मला वाटलं, ऐकतायत. मी औषधं जागेवर ठेवली, पाणी घेऊन आले, मग हात लावला. किती सेकंद म्हणालात, बाई?

फिटरबाई : चाळीस, काकू.

वहिनी : चाळीस. आणि त्यांच्या बाजूला कळलं असेल का, आवाज बंद केलाय म्हणून?

ऑपरेटर : नाही. त्या सेटला दिवाच नाही. साधा सेट लावला मी, त्यांना सोपा पडावा म्हणून.

वहिनी : म्हणजे त्यांना वाटत होतं, सगळे ऐकतायत.

ऑपरेटर : हो.

वहिनी : मग ते एकटे नव्हते. त्यांच्या लेखी नव्हते.

ऑपरेटर : असं म्हणू नका, वहिनी. तुम्ही असं म्हणालात तर मला जास्त...

वहिनी : तुमच्यासाठी नाही म्हणत, भाऊजी. मला आज रात्री झोपायचंय, म्हणून म्हणतेय.

ऑपरेटर : मी येऊ का? आत्ता येतो. या वेळी बेल वाजवीन.

वहिनी : आज नको. आठवड्यानं या. स्टूल रिकामं लागेल मला, सेट तेवढा उचलून न्या.

फिटरबाई : काकू, नव्या मशीनवर तुमची लाइन घेऊ का? कागदावर नसली तरी घेते मी. कोणाला विचारायची गरज नाही.

वहिनी : नको. चौदा महिने मीटिंगा ऐकल्या, गावातला एकेक व्हॉल्व्ह पाठ झालाय मला. आता पुरे. पण बाई, एक विचारू? त्या नव्या मशीनलाही ते बटण आहे का? आवाज बंद करायचं?

फिटरबाई : आहे, काकू. सगळ्यांनाच असतं.

वहिनी : मग एवढं करा. कोणाचा आवाज बंद केला, की त्याला ते कळेल असं काहीतरी लावा. नाहीतर माणूस बोलतच राहतो.