बाबांचा लॅपटॉप आणि आईच्या अक्षता

तुमच्या नव्या लॅपटॉपचं कौतुक झालं असेल तर माझं ऐका. बाबांचा पंधरा वर्षांचा लॅपटॉप बघून डोंबिवलीतला दुकानदार म्हणाला, "याच्यावर नवीन सिस्टीम चालणार नाही, भंगारात द्या." माझी सटकली. घरी येऊन मी स्वतःच त्यावर लिनक्स ही फुकटची हलकी सिस्टीम टाकायला बसलो, तर चालू असलेल्या एकमेव पोर्टमध्ये पेनड्राइव्ह शिरेना. टॉर्च मारून बघितलं तर आत तांदूळ. आई दर दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करते, त्यातल्या अक्षतांपैकी एक. टाचणीने दाणा काढला आणि तासाभरात लॅपटॉप नव्यासारखा पळायला लागला. मी कॉलर ताठ करून म्हटलं, "आई, बघ. दुकानदार तर हा लॅपटॉप मेलाय म्हणालेला."

आई म्हणाली, "मग? दरवर्षी पूजा करते ती काय उगाच?"