आबांची रस्स्याची वाटी

कुत्र्यांचा विषय निघालाच हाय तर ऐका. शेजारच्या आबांच्या मोकाट कुत्र्यानं माझ्या कोंबडीची पाठ फाडली. मी मिठाच्या पाण्यानं जखम धुऊन हळद-तेल लावत बसलते, तेवढ्यात आबाच आले. वाटलं, चुकलं म्हणतील.

तर म्हणतात, "मीठ-हळद लागलीच हाय, मग कशाला जपत बसलीस? चुलीवर चढव, अन् वाटीभर रस्सा आमाला दे."

वर घरून वाटीबी आणलेली!

माझं डोस्कंच फिरलं. कोंबडी डालग्याखाली झाकली, उरलेलं हळद-तेल त्याच वाटीत ओतलं अन् त्यांच्या हातात दिलं.

म्हणलं, "घरी जपून ठिवा, आबा. परत कुत्रं मोकळं दिसलं तर लावायला होईल. त्याच्या न्हाई, तुमच्या पाठीला!"