'परंतु' म्हणणार, तोच...

...आणि वर मलाच म्हणतात, "सिक्स्टन, काय सुंदर बोललास रे!" सुंदर! अहो, बसलो त्याच फांदीवर कुऱ्हाड घातली मी, तीही आकडेवारी दाखवून!

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं नगरपालिकेच्या फिरत्या वाचनालयाची बस चालवतोय. जंगलातली अकरा गावं. गुडघाभर बर्फ असो, मंगळवारी अल्मा आजी फाट्यावर उभी म्हणजे उभी! हातात चार पुस्तकं आणि माझ्यासाठी उकडलेलं अंडं. मी कधी मागितलं? पण आणते. आणि एक दिवस चिठ्ठी : बस बंद करावी का, महिन्याने बैठक. झोपच उडाली हो!

मग घेतला कोर्स, 'पटवून देण्याची कला'. शिकवणारा मफलरवाला, नाकातून बोलायचा : "मित्रांनो, मुद्दा पटला पाहिजे! विरोधकाची बाजू आधी मांडा, त्याच्यापेक्षा जोरात मांडा, आणि मग... खोडा!" महिनाभर तोच उद्योग. कचेरीत साडेनऊला सगळे कॉफीला निघायचे, दालचिनीचे बन, हसणं-खिदळणं... "सिक्स्टन, येतोस ना रे?" मी मान वर करीन तर शपथ! कॉफी काय पळून जाते? मुद्दा पटला पाहिजे!

बैठक नऊला. उभा राहिलो. विरोधकाची बाजू : इंजिन किती म्हातारं, डिझेल किती पितं, थंडीत दार लाथ घातल्याशिवाय उघडत नाही (हे कुणाला ठाऊक होतं? मीच सांगितलं!)... अहो, रंगात आलो! गुनेल, आमची साहेबीण, चक्क डोळे पुसतेय! मनात म्हटलं, पटतोय, मुद्दा पटतोय! आता पान उलटून 'परंतु' म्हणणार, तोच... साडेनऊ!

आमच्या कचेरीला आग लागली तरी लोक कॉफी संपवून पळतील. उठले सगळे. आणि मी? गेलो का मागोमाग? छे! रिकाम्या खुर्च्यांपुढे उरलेल्या भाषणाची तालीम करत बसलो!

परत आले ते ठरवूनच. गुनेल म्हणते, "बस बंद. मुद्दा पटला तुझा."

"अगं, पण माझी बाजू अजून..."

"म्हणजे? ती नव्हती का तुझी बाजू? अरे, महिन्यापूर्वीच कॉफीवर ठरलं होतं आमचं, बस चालूच ठेवायची, सिक्स्टनचा जीव आहे तिच्यात! आज तूच एवढा तळमळून बोललास, आम्हाला वाटलं, दमला बिचारा, सुटका मागतोय..."

म्हटलं, मग फिरवा की निर्णय! तर कचेरीतला हाकान म्हणतो कसा, "एकमताने ठरलंय रे. एकमत काय रोज होतं?"

अल्मा आजीला सांगायला गेलो. रडूच येत होतं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, निदान तिला तरी सगळं नीट सांगावं. इंजिन सांगितलं, डिझेल सांगितलं, दाराची लाथ सांगितली. 'परंतु' म्हणणार, तोच आजी कॉफी ठेवायला उठली.

"बरोबरच केलं की रे त्यांनी," म्हणाली, आणि अंडं हातावर ठेवलं.

मी या खेपेला मुकाट्याने कॉफी घेतली.