बाळ्याला एकदा जिंकवलं

हसू नका, पण मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ नवख्यांना शिकवायचे व्हिडिओ मी टाकतो ना, त्यात समोरून खेळणारा 'बाळ्या' पण मीच असतो. खेळ दोघांचा, आणि आमच्या जोहे गावात आता पत्त्यांना बसायला माणूस कुठाय? म्हणून एका मांडीवर नवा फोन, दुसरीवर जुना. चूक दाखवायची असली की ती बाळ्याकडून करून घ्यायची. "मंडळी, बाळ्यासारखा पहिल्याच हाताला हुकूम टाकू नका!"

खरा बाळ्या गणपतीत पत्ते मांडले की माझ्यासमोर बसायचा. हुकूम हातात आला की त्याला धीरच निघायचा नाय. चार वर्षं झाली, तो दुबईला आहे.

परवा त्याचा फोन आला. एवढ्या वर्षांत त्याने आपणहून केलेला पहिलाच.

"काय रे, जगाला माझी अक्कल दाखवतोस व्हय?"

मी ओशाळलो. म्हटलं, "नाव बदलतो."

"नको. रोज जेवताना बघतो मी. पण मी काय रोजच हरतो?"

"मग ये ना गणपतीला. बस समोर."

"सुट्टी नाय रे." मग म्हणाला, "एकदा तरी जिंकव ना मला."

दुसऱ्या दिवशी जिंकवला. त्याचा हुकूम शेवटच्या हातापर्यंत राखून ठेवला. जुन्या फोनवर टाळ्या कडाडल्या, नव्यावर 'तुम्ही हरलात' आलं.

दोन्ही फोन माझ्याच मांडीवर.