चाटून गेलेला रंग

...आणि मी म्हणते, चाटल्याने प्लास्टिकचा रंग जातो का हो? नाही, तुम्हीच सांगा! तुमच्यातल्या कुणी लहानपणी खेळणं चाटलं नाही? मी तर बाहुलीचं अख्खं डोकं तोंडात धरून झोपायचे! पण आमच्या ह्यांनी चाटलं, तर पंचावन्न वर्षं खटला चालू... पंचावन्न! एवढ्यात खुनी माणूस सुटून येतो, घर बांधतो, नातवंडं खेळवतो. आमचे हे मात्र अजून आरोपीच. कारण फिर्यादी कोण? तर वन्सं. माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण.

तर तुम्हाला सांगते, झालं होतं असं की वन्सं आठ वर्षांच्या आणि हे तीन. वन्संना कुणीतरी प्लास्टिकची सर्कस आणून दिलेली, वाघ, सिंह, हत्ती, आणि त्यात एक जोकर... बोटाएवढा, पण नऊ सुट्या भागांचा! टोपी वेगळी, डोकं वेगळं, हातपाय वेगळे, गळ्यातला ढोलसुद्धा वेगळा. एका दुपारी त्या जोकरचा रंग गेला. पांढराफटक! वन्संनी घर डोक्यावर घेतलं, "आई, यानं चाटला!" बस्स, निकाल लागला. सासूबाईंनी ह्यांच्या जिभेवर मिरची चोळली आणि वर कायदा केला, "याला रंगीत काही देऊ नका, चाटून टाकतो!" त्यानंतर ह्या माणसाला खेळायला काय मिळालं ठाऊक आहे? दोऱ्याचं रिकामं रीळ! आणि नाव पडलं 'चाटू'. भाच्यांचे हे चाटूमामा. आता भाच्यांना पोरं झाली, ती 'चाटूआजोबा' म्हणतात! आमचं लग्न ठरलं तेव्हा वन्संनी माझ्या आईला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "मुलीला म्हणावं फार भडक नेसू नको, याला रंगीत काही देऊ नका, चाटून..." आई चार रात्री झोपली नाही हो!

आणि तो जोकर वन्संनी जपलाय हं, काचेच्या कपाटात, अगदी मधोमध. आठवण म्हणून? छे! पुरावा म्हणून! पाहुणा आला की आधी जोकर, मग पाणी.

बरं, ह्यांचा धंदा काय? दातांच्या कवळ्या बनवायच्या. कुणाच्या दातात किती पिवळा आणि किती करडा, हे नुसत्या नजरेनं सांगतात. वन्संच्या तोंडातली कवळीसुद्धा ह्यांनीच केलेली, फुकट! म्हणजे बघा, चाळीस वर्षं लोकांची तोंडं दुरुस्त केली, पण बहिणीपुढे स्वतःचं तोंड उघडत नाही.

यंदा काय अंगात आलं कोण जाणे. वन्संच्या घरी सगळे बसलेले असताना हे म्हणाले, "ताई, जोकर दे. मी रंगवून देतो."

वन्सं म्हणाल्या, "तू? वाटेत चाटणार नाहीस ना?"

हसले सगळे. भाचे हसले, सुना हसल्या, आमचे हेसुद्धा हसले! मग वन्सं म्हणाल्या, "ने. पण माझ्या वाढदिवसापर्यंत. आणि रंग टिकला पाहिजे. गेला ना, तर बघ!"

झालं! आमच्या जेवणाच्या टेबलावर जोकर आला आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो. पहिल्यांदा ह्यांनी माझं नेलपॉलिश लावलं, मला न विचारता. दोन दिवसांत पापुद्रे! जोकरला नायटा झाल्यासारखा दिसायला लागला. मग दाराचा ऑइलपेंट उरला होता तो फासला. तीन आठवडे झाले तरी चिकट! हात लावला की बोटाचा ठसा, माश्या बसल्या त्या उठेनात, आणि माझा एक पांढरा केस गालाला असा चिकटला, की जोकरला मिशी फुटली. मी हसले. हसू नये का? तर हे म्हणतात, "तूही ताईसारखीच."

असं लागलं हो मला ते! म्हणजे शिवीच की.

मग गेले रंगवाल्याकडे. तो म्हणाला, "काका, प्लास्टिकला रंग धरत नाही, धरवावा लागतो. जुनं सगळं काढा. साबणानं धुवा, बोटांचं तेल राहता कामा नये. बारीक पॉलिशपेपर फिरवा, मग प्रायमर, मग रंगाचे तीन हात. पातळ! एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. आणि सगळ्यात वर लॅकर." आता हे तुम्हाला सांगायला मला एक श्वास लागला, ह्यांना अडीच महिने लागले. नऊ भाग नऊ दातकोरण्यांवर खोचून उभे! पंखा बंद, कारण धूळ बसेल. खिडकी उघडी, कारण वास कोंडेल. मी शिंकायला गॅलरीत जायचे! पण खरं सांगू? झाला तेव्हा नजर हटेना. लाल टोपी, पिवळा ढोल, आणि डोळे असे, की आत्ता काहीतरी वाईटसाईट बोलेल.

वाढदिवसाला पन्नास माणसं. ह्यांनी डबी पुढे केली. वन्संनी चष्मा लावला, जोकर उलटा केला, सुलटा केला, नखानं खरवडला. रंग हलेना. किल्लीनं घासला. हलेना! मला वाटलं, चला, सुटले एकदाचे. तर वन्संनी जोकर ह्यांच्या तोंडापुढे धरला.

"चाट."

"ताई, अगं..."

"चाट म्हणते ना! तूच घालवलास, तूच तपास. चाट!"

पोरं टाळ्या पिटायला लागली, "चाटूआजोबा, चाटूआजोबा!" मी डोळ्यांनी नको, नको म्हणतेय... आणि तुम्हाला सांगते, अठ्ठावन्न वर्षांच्या, चष्मा लावलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या त्या माणसानं, पन्नास जणांसमोर, जीभ बाहेर काढून जोकर चाटला! पायापासून टोपीपर्यंत.

रंग गेला नाही. कणभरसुद्धा नाही.

आणि वन्सं हसायला लागल्या. ह्यांनीच केलेली कवळी दाखवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "अरे वेड्या, चाटल्यानं तेव्हा तरी कुठे गेला होता! मीच त्याला उकळत्या पाण्यात टाकला होता, आंघोळ घालायला. आई आली. तू शेजारी जीभ काढून बसलेला. म्हटलं, यानंच!"

पुन्हा सगळे हसले. काय गंमत, काय गंमत! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हसले नाहीत. एवढंच विचारलं, "ताई... मग ती मिरची?"

"कसली मिरची?" वन्सं म्हणाल्या. त्यांना आठवतही नव्हतं हो! "केक घे."

ह्यांनी काय करावं? खिशातून रुमाल काढला, जोकर पुसला, कपाटात मधोमध ठेवला. आणि केक घेतला! घरी येऊन इस्त्रीचा शर्ट नीट हँगरला लावला. मी म्हटलं, "अहो, ओरडा, रडा, निदान मला तरी दोन शिव्या घाला!" तर म्हणाले, "टोपीवर तिसरा हात जाड झाला."

बरं, एवढ्यावर थांबावं ना? आठ दिवसांनी वन्संकडून खोकं आलं. सगळी सर्कस! बेचाळीस नग, पोपडे निघालेले. पाठोपाठ फोन. मी तिथेच उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. "अरे, लोक विचारतात जोकर कुणी केला. मी सांगून टाकलं, एका चांगल्या कारागिराकडून करून घेतला. तू केलास म्हटलं तर विश्वास कोण ठेवणार! बाकीचंही तसंच कर, लवकर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, फेकते ते खोकं खाली! तर हे फोन ठेवून माझ्याकडे वळले, आणि चेहरा... शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा!

"ऐकलंस? ताई मला कारागीर म्हणाली."

आता ह्याच्यावर बोलायचं काय? सांगा ना! काय बोलायचं? गेले पंधरा दिवस एकवीस दातकोरण्या टेबलावर, एकवीस खिडकीत, पंखा बंद, आणि हा माणूस शीळ घालतोय. शेवटी काल मीच पदर खोचला, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "सरका जरा. हत्ती माझ्याकडे द्या... त्यांना एकच रंग आहे."