मेन स्विच वर की खाली

...नाही, घाबरट म्हणा, माझी हरकत नाही, पण वादळात घरची वीज बंद करायला निघालेल्या माणसाला घाबरट म्हणायचं, तर शहाणा कुणाला म्हणायचं, पत्रे उडताना बघायला गच्चीवर जातो त्याला? तुम्हाला सांगतो, मी जन्मभर कॉलेजात वीज शिकवली. वीज काय काय करू शकते हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्या माणसाला झोप कमी लागते, एवढाच शिक्षणाचा फायदा. बायकोचं म्हणणं वेगळं. "जन्मभर विजेवर बोललात, घरातला बल्ब मात्र मीच बदलत आले." खरं आहे. पण खालून स्टूल मी धरतो, तेही कुणीतरी धरायला हवंच ना?

तर ते चक्रीवादळ. एरवी येतो येतो म्हणतात आणि समुद्रातूनच माघारी वळतात, हे मात्र बोलावल्यासारखं घरी आलं. रेडिओवरची बाई सकाळपासून सांगत होती, पाणी शिरण्याआधी मेन स्विच बंद करा, प्लग काढून ठेवा. मी सगळे प्लग काढले. मग वाटलं, सगळे काढले का? पुन्हा एक फेरी मारली. खात्री केलेली बरी, नाही का? बायको म्हणाली, "अहो, त्या भोकांत डोकावत फिरण्यापेक्षा खालचं माझं शिलाई मशीन तेवढं वर आणा." म्हटलं, आणतो, आधी मेन.

आता आमचा मेन स्विच. जिन्याच्या वरच्या वळणावर लोखंडी पेटी, तिला बाहेरून दांडा. लोकांच्या घरी दांडा वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. आमची पेटी बसवली मेव्हण्यानं. उलटी. "भाऊजी, वीज काय वर-खाली बघून येते का?" हे त्याचं शास्त्र. पुढे रंगाऱ्यानं भिंत रंगवताना ती उतरवली, पुन्हा लावली, पण सरळ लावली की होती तशीच उलटी, हे देव जाणे, आणि जाता जाता 'चालू' आणि 'बंद' या दोन्ही शब्दांवरून ब्रश फिरवला. काम छान, गुळगुळीत.

मी रबरी चपला घातल्या, हात कोरडे केले, पुन्हा कोरडे केले, लाकडी स्टुलावर उभा राहिलो, डावा हात पाठीमागे धरला आणि दांडा ओढला. दिवा गेला. झालं की काम. उतरायचं ना? पण खिडकीतून बघतो तर समोरच्यांचाही दिवा गेलेला, शेजारच्यांचाही, भरदुपारी सगळी गल्ली काळोखात. वीजवाल्यांनीही नेमक्या त्याच क्षणी पुरवठा तोडलेला. आता सांगा, आमचा दिवा माझ्यामुळे गेला की त्यांच्यामुळे? परिणाम एक, कारणं दोन. तिथंच हात काढून घेतला असता तर प्रश्नच नव्हता... दिवा होता म्हणजे चालू होतं, ओढलं म्हणजे बंद झालं, शाळेतलं पोरही सांगेल. पण खात्री केलेली बरी, नाही का? दांडा उलट फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. काही नाही. पुन्हा. पुन्हा. दोन्हीकडं तोच खट्ट आवाज. आणि मग लक्षात आलं, मुळात दांडा वर होता की खाली, हेच मी विसरलो.

मेव्हण्याला फोन लावला. "भाऊजी, मी लावली तेव्हा उलटी होती, म्हणजे आता सरळ असेल. किंवा नसेल. असं करा, दांडा मधोमध ठेवा." ठेवून पाहिला हो. राहत नाही. फ्यूज काढावेत, तर ते मीटरच्या पेटीत, पेटी फाटकापाशी, आणि फाटक पाण्यात. वीज गळली की आपोआप पडणारी नवी कळ बसवून घेऊ म्हणून मी कितीदा म्हटलं असेल, पण मेव्हणा म्हणतो जुनं ते सोनं, आणि त्याची बहीण, म्हणजे आमची ही, म्हणते माझ्या भावाला त्यातलं कळतं.

एवढ्यात खालच्या खोलीत पाणी शिरलं. बघता बघता भिंतीतल्या प्लगांच्या भोकांना टेकलं. आणि त्या पाण्यापलीकडे, बुटक्या मेजावर, तिचं मशीन. आमच्या पोरांचे कपडे, सगळ्या गल्लीचे पडदे, सगळं त्यावर शिवलेलं. ही पदर खोचून निघाली.

मी जिन्यात आडवा बसलो.

"सरका."

"अगं, पाण्यात पाय घालू नकोस. वीज कधीही परत येईल."

"येऊ दे की. मेन बंद केलात ना?"

"केला असण्याची शक्यता आहे."

"शक्यता? हो की नाही, एवढंच सांगा."

"तसं बघितलं तर निम्मी निम्मी..."

"लग्नाला हो म्हणायलाही तुम्ही आठवडा लावलात. माझं मशीन बुडतंय हो."

तुम्हाला सांगतो, 'हो, बंद आहे' म्हणणं किती सोपं होतं. तीन शब्द. ती खूश, मशीन वर, मी कर्तबगार. आणि नसला बंद तर? तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून ओलांडायला पाय उचलला, आणि माझ्या तोंडून, कधी नव्हे तो, एकच शब्द निघाला, पुढं 'पण' नाही, 'परंतु' नाही.

"नाही."

तिनं पाय मागं घेतला. रागानं नव्हे, नवलानं. हा माणूस ठाम बोलतो म्हणजे याला ताप असणार, अशा नजरेनं बघत शेजारी बसली. पाणी मेजावर चढलं, मशीन डोळ्यांदेखत बुडालं.

आणि वीज आली. गल्ली उजळली, आणि खालच्या खोलीत, त्या गढूळ पाण्यावर, आमचा दिवा झगझगीत पेटला. पंखासुद्धा फिरायला लागला. भिंतीतल्या प्लगातून चर्र झालं, निळी ठिणगी उडाली. मी उठलो, वर धावलो, दांडा ओढला. दिवा गेला. समोरच्यांचा तसाच होता. आता बंद. नक्की बंद. हात मात्र दांड्यावरून निघेना, तो तिनं येऊन सोडवला, आणि बराच वेळ स्वतःच्या हातात धरून ठेवला. आमच्यात असलं काही करत नाहीत, पण ठेवला.

वाटलं, आता निदान एक चांगला शब्द. पाणी उतरलं, मशीन दुरुस्तीला गेलं, मेव्हणा आला, शेजारपाजार जमला, चहा झाला. आणि ही सगळ्यांना काय सांगते? "एवढं वादळ झालं, घरात पाणी, आणि ह्यांनी मेन चालूच ठेवलेला. नशीब माझं, मी खाली गेले नाही."

मेव्हणा म्हणतो, "ताई, तुला अक्कल आहे म्हणून वाचलीस."

मी चहा पितो. शब्द न् शब्द तपासून पाहिला मी तिचा... खोटं असं त्यात काहीच सापडत नाही हो.